चहा पिऊन ठरलेली पगारवाढ

खासगी रुग्णालयांतल्या सिस्टर्सची पत्रं गेल्या दोन महिन्यांत इतकी साठली की या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच देते आहे. निम्म्या पत्रांत प्रश्न तोच, गाव तेवढं वेगळं. नावं छापत नाही; हा स्तंभ मेट्रनही वाचतात.

आमच्या रुग्णालयात एकूण १४० कामगार आहेत. आम्ही ९ जणी युनियन नोंदवू शकतो का? (सांगली)

नाही. अर्जावर ७ सह्या पुरतात, पण सभासद एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तितके लागतात. तुम्हाला १४ हवेत. आया, वॉर्डबॉय, टेक्निशियन यांना विचारलंत का?

सुप्रीम कोर्टाने सगळ्या नर्सना २० हजार पगार सक्तीचा केला, असा मेसेज आला. आमचं रुग्णालय १२० खाटांचं, मला १६ हजार मिळतात. फरक वसूल होईल? (नाशिक)

तो मेसेज मलाही येतो, वर 'जास्तीत जास्त शेअर करा' असं लिहिलेला. झालं ते असं. जानेवारी २०१६ मध्ये कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली की २०० हून जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारी नर्सइतका असावा, १०० हून जास्त असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. २० हजार हा आकडा ५० पेक्षा कमी खाटांसाठी, तोही किमान. म्हणजे मेसेजवाल्यांनी तुमचा हक्क उलट कमी करून सांगितला!

पण या शिफारशी आहेत. राज्याने त्या अंमलात आणल्याशिवाय त्यांच्या जोरावर फरक वसूल होत नाही. केरळात नर्सेस २०१७ मध्ये रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना निघाली. तुम्ही हे आकडे मागणीपत्रात घाला. आणि रुग्णालयांसाठी सध्या लागू असलेलं किमान वेतन कामगार कार्यालयात जाऊन बघा. पगार त्याहूनही कमी असेल तर तो फरक मात्र मागता येतो.

ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉण्ड बेकायदा असतो ना? माझी मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाने ठेवून घेतली आहेत. एक एजंट १५ हजारांत सोडवून देतो म्हणतो. (छत्रपती संभाजीनगर)

एजंटला एक रुपया देऊ नका. प्रमाणपत्रं तुमची आहेत, ती गहाण ठेवायचा दागिना नव्हे. लेखी मागणी करा, पोच घ्या आणि ती पोच घेऊन वकिलाकडे जा. बॉण्डचं मात्र 'सगळेच बेकायदा' असं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बॉण्ड ग्राह्य धरला. तुमच्यावर प्रशिक्षणाचा खरा खर्च झाला का, रक्कम वाजवी आहे का, हे पाहावं लागतं. बॉण्डचा कागद न वाचता मी मत देणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मागणीपत्र दिलं, संपाची नोटीस दिली. संचालकांनी बोलावून ३ हजारांची वाढ कबूल केली. आम्ही नोटीस मागे घेतली. चार महिने झाले, वाढ नाही. (पुणे)

हे पत्र वाचून कपाळाला हात लावला. असं हे या वर्षातलं सहावं.

कबूल केली म्हणजे काय केलं? कागद कुठे आहे? मागे एक युनियन माझ्याकडे आली, तेव्हा कराराचा पुरावा म्हणून मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. टेबलावर सहा कप, खारीची बशी आणि सगळे हसताना. दुसरा पुरावा होता वहीचं एक पान, त्यावर 'पगारवाढ तत्त्वतः मान्य'. सही कुणाचीच नाही. 'तत्त्वतः मान्य', 'सहानुभूतीपूर्वक विचार', 'योग्य वेळी' हे शब्द ऐकले की चहाचा कप खाली ठेवायचा आणि विचारायचं: कोणत्या तारखेपासून? बेसिकमध्ये की भत्त्यात? बेसिकमध्ये वाढ मिळाली तर ग्रॅच्युइटी आणि जादा कामाचा दरही तिच्यामागे सरकतो. 'प्रोत्साहन भत्ता' म्हणून मिळाली तर तो पुढे कधी गळला ते पगाराच्या स्लिपवरूनच कळतं.

आता खरा मुद्दा. व्यवस्थापनाशी आपसात केलेला लेखी करारही फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. तोच करार समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर, समेटाच्या कामकाजात झाला, तर तो तिथल्या सगळ्या कामगारांना आणि उद्या नोकरीला लागणाऱ्या मुलीलाही लागू होतो. शिवाय समेट चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. एवढं संरक्षण कायद्याने दिलेलं असताना तुम्ही केबिनमध्ये बसून नोटीस मागे घेता! नोटीस हे तुमच्या हातातलं एकच नाणं होतं, ते खारीवर खर्च झालं.

आता या आठवड्यातच सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी वाद दाखल करा. 'अजून एकदा बोलून बघतो' नको. वाद उद्भवून २ वर्षं उलटली की समेट अधिकारी तो हातात घेत नाही. नवी नोटीस वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे युनियन, संप आणि कामगार-वाद यांचा नवा कायदा, लागू आहे, तुमचा जुना नमुना कपाटातच राहू द्या. आणि रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर ते आधी सांगा. संहितेच्या 'उद्योग' या व्याख्येतून धर्मादाय सेवा करणाऱ्या संस्था वगळल्या आहेत. नुसत्या पाटीवरून ते ठरत नाही, पण समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढणार.

संप न करता सगळ्यांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर? (कोल्हापूर)

निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून टाकलेली रजा म्हणजे संपच. आधी १४ दिवसांची नोटीस नसेल तर तो बेकायदा, आणि त्याला १ ते १० हजार दंड, महिनाभरापर्यंत कैद किंवा दोन्ही. ही युक्ती सुचवणारे गृहस्थ त्या दिवशी कामावर असतील.

मला 'सिस्टर इन्चार्ज' केलं आणि युनियन सोडायला सांगितलं. (ठाणे)

लगेच युनियनचा राजीनामा देऊ नका. नुसत्या हुद्द्याने कुणी पर्यवेक्षक होत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. मात्र खरोखर पर्यवेक्षणाचं काम असेल आणि वेतन १८ हजारांवर असेल तर तुम्ही 'कामगार' राहत नाही. नेमणुकीचं पत्र घेऊन सल्ला घ्या.

पुढच्या पाळीची सिस्टर (रिलीव्हर) वेळेवर येत नाही म्हणून रोज तास-दीड तास थांबावं लागतं. मस्टरवर मात्र रात्री ८ लाच सही घेतात. (नागपूर)

जादा कामाचा दर दुप्पट आहे, पण ते काम झालं हे दिसायला हवं. मस्टर खोटं बोलत असेल, हँडओव्हरची वही बोलत नाही. तिथे ९.२० ला चार्ज दिला तर ९.२० च लिहा, पुढच्या सिस्टरची सही घ्या, आणि घरी स्वतःच्या डायरीत तारखेसह नोंद ठेवा. वहीचे फोटो काढायचे का, हे आधी वकिलाला विचारा. त्या पानावर रुग्णांची नावं आणि औषधं असतात; ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत तर ओव्हरटाइम बाजूला राहील आणि गोपनीयता मोडल्याची नोटीस घेऊन तुम्ही माझ्याकडे याल.