कधी न भेटलेल्या माणसासाठी रडू येतं, माझं काही चुकतंय का?

कुणी मोठा खेळाडू किंवा नट अचानक गेला की पुढच्या काही दिवसांत माझ्याकडे समुपदेशनाला कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतंच. की मॅडम, ज्याला आयुष्यात कधी भेटलो नाही त्याच्यासाठी एवढं रडू येतंय आणि आपलं माणूस गेलं तेव्हा नाही आलं, माझ्यात काही बिघाड आहे का? इरफान गेला तेव्हा हे ऐकलं, मॅराडोना गेला तेव्हा ऐकलं, कोबी ब्रायंट गेला तेव्हा तर अशा एका मुलाकडून ऐकलं ज्याने बास्केटबॉल कधी हातात पण धरला नव्हता. आणि गंमत अशी की 'मला दुःख झालंय' ही तक्रार कुणाचीच नसते. दुःख झाल्याची लाज वाटते, ही तक्रार असते.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. २०२२ चा मार्च. शेन वॉर्न ४ तारखेला थायलंडमध्ये गेला, वय फक्त ५२. त्यानंतर थोड्याच दिवसांनी चाळिशीतले एक गृहस्थ आले, झोप लागत नाही म्हणून.

"मग रात्री काय करता?"

"व्हिडिओ बघतो. वॉर्नचे. गॅटिंगचा तो बॉल."

म्हणजे वॉर्नने इंग्लंडच्या माइक गॅटिंगला टाकलेला, १९९३ चा, लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडून ऑफ स्टंपवर जाऊन आदळलेला. मला क्रिकेट जेमतेम कळतं पण त्यांनी मनगट फिरवून दाखवलं तेव्हा कळलं की हा माणूस तो बॉल शेकडो वेळा जगलाय. मग म्हणाले, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाचे जुने विकेटकीपर रॉड मार्श गेले होते आणि वॉर्ननेच त्यांना श्रद्धांजली लिहिली होती, आणि काही तासांत हा पण गेला, हे डोक्यातून जातच नाही.

"घरी बोललात का कुणाशी?"

"बायको म्हणाली, शेजारचे काका गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलास, आणि याच्यासाठी रात्र रात्र जागतोस?" मग जरा थांबून, "बरोबरच आहे ना तिचं? काकांसाठी रडायलाच हवं होतं मला."

मी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेने काम करणारी आहे, आपणच स्वतःवर लादलेले 'असंच हवं' हे हट्ट तपासायची ती वाट, त्यामुळे 'हवंच होतं' ऐकलं की माझे कान टवकारतात. दुःख हे दुःख असतं, त्यात दुरुस्त करण्यासारखं फारसं काही नसतं. पण त्या दुःखावर आपण एक नियम बसवतो, की कुणासाठी किती रडायचं, कधी रडायचं, आणि तो मोडला की स्वतःला आरोपी करतो. झोप उडते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या भागामुळे. मी विचारलं, हा नियम कुठे लिहिलाय? ते हसले, पण पटलं नव्हतं, दिसतच होतं.

नंतरच्या भेटींत मी वॉर्नचा विषय मुद्दाम कमी केला आणि काकांबद्दल विचारत राहिले. आधी काही येईनाच. चांगले होते, मदतीला यायचे, एवढंच. मग एकदा सहज विचारलं की तुम्ही दोघं मॅच एकत्र बघायचात का.

"नाही हो. ते त्यांच्या घरी टीव्हीवर, मी माझ्या घरी मोबाईलवर. मोबाईलवर सगळं अर्धा मिनिट उशिरा येतं ना, त्यामुळे भिंतीपलीकडून त्यांची आरोळी आली की मला कळायचं, आता विकेट पडणार. मी चिडायचो. सस्पेन्स घालवतात म्हणून भांडलो पण होतो एकदा."

"आणि आता?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "आता विकेट पडते तेव्हाच कळते." आणि रडले, काकांसाठी पहिल्यांदाच.

इथे ते स्वतःच म्हणाले की म्हणजे मी वॉर्नसाठी रडतच नव्हतो, खरं काकांसाठी होतं ते. ऐकायला छान वाटतं, बरेच समुपदेशक इथे मान डोलावतील. मी नाही डोलावली, आणि खरं सांगायचं तर या केसमधलं मला सगळ्यात आवडलेलं काम तेच आहे. म्हटलं, वॉर्नला का खोटं पाडताय? लहानपणापासून मनगट फिरवत आलात ते त्याच्यामुळेच. दोन्ही माणसं गेलीत, दोन्ही दुःखं खरी आहेत. फरक एवढाच की वॉर्नसाठी सगळं जग रडत होतं, रिप्ले चालू होते, तुम्हाला त्यात सामील व्हायची मुभा होती. काका ना नातेवाईक ना मित्र. शेजारी गेला म्हणून ऑफिसमध्ये कुणी सांत्वनाला येत नाही, रजा तर दूरच. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकातच लिहून ठेवलंय की समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मानत नाही ते माणूस एकटाच गिळत बसतो. उघडं दार दिसलं तिथून तुमचं रडू बाहेर आलं, त्यात गुन्हा कसला?

पुढे मी त्यांना एकच काम दिलं, काकूंना भेटून यायचं. काय बोलावं सुचत नाही म्हणून ते इतके महिने टाळत होते. म्हटलं, सांत्वन करूच नका, त्या आरोळीबद्दल सांगा. ते गेले, भांडण झाल्याचं पण सांगितलं, तर काकू म्हणाल्या, अरे, तुझं उशिरा येतं हे माहीत होतं त्यांना, भांडण झाल्यापासून तर मुद्दाम भिंतीजवळ जाऊन ओरडायचे! हे मला सांगताना गृहस्थ एवढे हसत होते की पाणी द्यावं लागलं. झोप हळूहळू रुळावर आली. वॉर्नचे व्हिडिओ ते अजून बघतात, फक्त दिवसा.

तर ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांना सांगते. टीव्हीवरच्या माणसाशी एकतर्फी जवळीक होणं हे वेड नाही, १९५६ मध्येच हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी त्यावर लिहिलंय, तेव्हा तर मोबाईल पण नव्हते. वर्षानुवर्षं ज्याचा आवाज घरात घुमला तो गेला तर पोकळी वाटणारच. रडा, पण रात्री दोनला स्क्रोल करत एकट्याने नको, त्याच खेळाडूवर जीव असलेला एखादा मित्र गाठा आणि तासभर फक्त त्याच्याबद्दल बोला. आणि घरच्यांनी 'तो तुझा कोण लागत होता' हे वाक्य कृपा करून गिळावं. त्याऐवजी 'तुला त्याचं काय आवडायचं' असं विचारून बघा, समोरचा काय काय सांगायला लागतो ते.

एका बाबतीत मात्र मी ढिलाई करत नाही. सेलिब्रिटीने आत्महत्या केली असेल तर गोष्ट वेगळी. अशी बातमी गाजली की त्यानंतर आत्महत्या वाढतात हे डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये आकड्यांनिशी दाखवलंय. त्यामुळे त्या व्यक्तीने कसं केलं हे खोदून वाचू नका, ते तपशील फॉरवर्ड करू नका. आणि 'त्याच्यासारखंच सुटावं' असं कुणी बोललं, किंवा तुमच्याच मनात आलं, तर फॅनच्या भावना म्हणून सोडून देऊ नका, सरळ शब्दांत विचारा, त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन कल्पना शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं.