ग्राही, संवेदक की ग्राहक?

प्रश्न असा आला आहे : जीवशास्त्राच्या मराठी लेखनात ज्ञानेंद्रियांतील 'रिसेप्टर'साठी, म्हणजे स्पर्श, प्रकाश वगैरे टिपणाऱ्या घटकासाठी, कोठे 'ग्राही', कोठे 'संवेदक', तर कोठे 'ग्राहक' असा शब्द दिसतो, त्यांपैकी कोणता वापरावा, आणि 'त्वचा संवेदना मेंदूकडे वाहून नेते' हे वाक्य बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. 'संवेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. 'वेदना' हाही त्याच धातूचा शब्द असून संस्कृतात आणि पालीत त्याचा अर्थ केवळ दुखणे एवढा नव्हता. बौद्ध विचारात माणूस ज्या पाच घटकांचा मानला आहे त्या पंचस्कंधांपैकी 'वेदना' सुखाचीही असते, दुःखाचीही असते आणि दोन्ही नसलेलीही असते. मराठीत वेदना दुखण्यापुरती उरली आणि जुना व्यापक अर्थ 'संवेदनेने' सांभाळला. म्हणजे संवेदना ही जाणीव आहे, आणि जाणीव त्वचेत होत नाही.

त्वचेत काय होते ते पाहू. बोटावर दाब पडला की चेतातंतूच्या टोकाशी पेशीपटलातील सूक्ष्म मार्ग उघडतात, सोडिअमचे धनभारित आयन आत शिरतात, पटलावरील विद्युत्‌दाब बदलतो आणि तो बदल ठरावीक मर्यादा ओलांडून गेला तर तंतूतून आवेग, म्हणजे विद्युत्-संदेश, निघतो. दाब वाढला म्हणून आवेग मोठा होत नाही, तो फक्त अधिक वेळा निघतो. हे एडगर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात दाखवले आणि १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्याकडून येणारा आवेग आणि कानाकडून येणारा आवेग यांच्या स्वरूपात मूलतः फरक नसतो. तो कोणत्या चेतेवाटे आला यावरून मेंदू त्याला प्रकाश किंवा नाद ठरवतो, हा विचार योहानेस म्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. आपल्या बोलीत याचे उत्तम पुरावे आहेत. डोळ्यावर फटका बसला की 'काजवे चमकतात', म्हणजे उजेड नसताना केवळ दाबामुळे दृष्टिपटलातून आवेग निघतात आणि मेंदूला उजेडच दिसतो. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला 'मुंग्या येतात' तेव्हा त्वचेला काहीही शिवलेले नसते. ग्राहींना वगळून आवेग थेट चेतातंतूतच उठलेले असतात. तिखट खाऊन 'तोंड भाजले' असे आपण म्हणतो तेही अक्षरशः घ्यावे, कारण मिरचीतील कॅप्सेसिन ज्या प्रथिनाला उघडते तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडते. ते १९९७ साली ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तेव्हा वरचे वाक्य असे हवे : 'त्वचेतील ग्राही उद्दीपनाचे रूपांतर आवेगात करतात, चेतातंतू तो आवेग मेंदूकडे नेतात आणि संवेदना मेंदूत होते.' यातील 'उद्दीपन' हा शब्द मला विशेष आवडतो. काव्यशास्त्रातील उद्दीपन विभावामुळे, म्हणजे मनातील भाव चेतवणाऱ्या चांदण्यासारख्या कारणांमुळे, तो जुन्या वाचकांच्या ओळखीचा आहे, आणि 'पेटवणे' हा त्याचा मूळ अर्थ येथे नेमका बसतो, कारण आवेगाला लागणारी ऊर्जा पेशीने स्वतः साठवलेली असते, बाहेरचा स्पर्श फक्त ठिणगी देतो.

आता पहिला प्रश्न. 'संवेदक' म्हणजे जाणणारा, आणि ते काम या पेशी करीत नाहीत हे वर आलेच. शिवाय इन्शुलिन पेशीवरील ज्या रेणूला जाऊन चिकटते त्यालाही रिसेप्टरच म्हणतात, तेथे तर जाणिवेचा संबंधच नाही. धूर किंवा तापमान ओळखणाऱ्या उपकरणांसाठी 'संवेदक' रूढ झाला आहे, तो तेथेच असू द्यावा. 'ग्राहक' व्युत्पत्तीने चुकीचा नाही, पण तो दुकानातून सुटणार नाही. उरतो 'ग्राही', म्हणजे घेणारा. 'गुणग्राही'मुळे तो मराठी कानाला परका नाही. हा इन्नन्त, म्हणजे मूळ संस्कृतात 'इन्' ने संपणारा (ग्राहिन्), शब्द असल्याने समासाच्या पूर्वपदी तो ऱ्हस्व करावा, जसे विद्यार्थिगृह तसे ग्राहिपेशी आणि ग्राहिप्रथिन. इंग्रजी शब्द पेशीसाठीही वापरतात आणि रेणूसाठीही, त्यामुळे हा भेद मराठीत करणे उपयोगाचे आहे.

उत्तरपदी आला की मात्र तो काय ग्रहण करतो हे नेमके सांगावे. सह्याद्रीतील चापडा या सापाच्या डोळा आणि नाकपुडी यांमध्ये एक खळगा असतो, त्यातील पातळ पडदा भक्ष्याच्या अंगातून येणाऱ्या अवरक्त किरणांनी किंचित तापतो आणि ती ऊब तेथील चेतातंतू टिपतात. अवरक्त किरण प्रकाशाच्याच कुळातले असले तरी येथे आवेग उठतो तो पडदा तापल्यामुळे, म्हणून या ग्राहींना प्रकाशग्राही न म्हणता उष्णताग्राही म्हणावे.