सेवा निधी आणि कायम नोकरी: दोन्ही एकदम मिळत नाहीत

प्रश्न : माझा मुलगा नौदलात अग्निवीर आहे. चिल्का येथे प्रशिक्षण झाल्यावर तो विशाखापट्टणमला रुजू झाला आणि आठ महिन्यांनी त्याची चार वर्षे पूर्ण होतील. तो कायम होईलच. तेव्हा मिळणारे सेवा निधीचे ११.७१ लाख रुपये मुदत ठेवीत ठेवावेत की म्युच्युअल फंडात? दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांच्या नावे १५ वर्षांसाठी १२ लाखांचे गृहकर्ज घेतले असून हप्ता त्याच्या पगारातून जातो. त्याच्या नावे वार्षिक ६० हजारांची, १२ वर्षे भरायची विमा पॉलिसीही आहे. – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे. कर्ज आणि तातडीच्या गरजांची तजवीज करून उरेल ती रक्कम मुलाचे पुढचे ठरेपर्यंत मुदत ठेवीतच राहू द्यावी. खरी चूक आपण ज्याबद्दल विचारलेच नाही, त्या वाक्यात आहे. मुलगा कायम होईल आणि ११.७१ लाखही हातात येतील असे आपण धरून चालला आहात. नियमांनुसार या दोन्ही गोष्टी एकाच मुलाला मिळत नाहीत.

पहिल्या वर्षीच्या ३० हजारांपासून चौथ्या वर्षीच्या ४० हजारांपर्यंत, दरमहाच्या पगारातून ३० टक्के रक्कम सेवा निधीत जाते. चार वर्षांत मुलाचे ५.०२ लाख जमतात, सरकार तेवढीच भर घालते आणि व्याजासह ११.७१ लाख होतात. ही पूर्ण रक्कम चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्यासाठी आहे. नियमित सेवेत घेतलेल्याला फक्त स्वतःचा वाटा व त्यावरील व्याज, म्हणजे साधारण ५.८५ लाख मिळतात. शिवाय सध्याच्या नियमाप्रमाणे तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच नियमित सेवेत घेतले जाते आणि त्यात मुलाच्या कामगिरीइतकीच नौदलाची त्या वेळची गरजही पाहिली जाते. हा टक्का वाढणार असल्याच्या बातम्या अधूनमधून झळकतात. त्या बातम्यांच्या भरवशावर १५ वर्षांचे कर्ज काढायचे नसते.

आता आपला महिना पाहू. नऊ टक्के व्याज धरल्यास हप्ता सुमारे १२ हजार आणि पॉलिसीचे महिन्याचे पाच हजार, असे २८ हजारांच्या हाती येणाऱ्या पगारातून १७ हजार आजच बांधले गेले आहेत. मुलगा बाहेर पडला तर पगार थांबेल, निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि हे १७ हजार मात्र चालूच राहतील.

पॉलिसीविषयी सौम्य शब्दांत लिहिणे मला जमणार नाही. चार वर्षांच्या नोकरीवर १२ वर्षांचे हप्ते गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याने कमिशनपलीकडे काही पाहिलेले नाही. अग्निवीराला सेवाकाळात एक पैसाही न भरता ४८ लाखांचे विमा संरक्षण असते, हे त्याने आपल्याला सांगितले होते का? कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आत्ताच बंद केल्यास मिळणारी रक्कम) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी ठेवल्यास उरणारी विमा रक्कम) दोन्ही लेखी मागवा आणि तिसरा हप्ता भरू नका. आत्तापर्यंत भरलेल्या १.२ लाखांतले काही बुडतील. ते वाचवण्यासाठी आणखी सहा लाख ओतण्यात अर्थ नाही. मुलगा बाहेर पडला, तर साधा मुदत विमा त्या वेळी घ्यावा.

नियोजन तो बाहेर पडेल असे धरूनच करा. ११.७१ लाखांवर प्राप्तिकर नाही. त्यातले पाच लाख कर्जात भरा आणि बँकेला मुदत नव्हे, हप्ता कमी करायला लेखी सांगा, कारण सांगितले नाही तर बँका बहुधा मुदत कमी करतात. तेव्हाची शिल्लक सुमारे १०.८६ लाखांवरून ५.८६ लाखांवर येईल आणि हप्ता सात हजारांच्या आत. अडीच लाख वर्षभराच्या हप्त्यांसाठी व घरखर्चासाठी, तीन लाख मुलाच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी आणि उरलेले मुदत ठेवीत. तो कायम झालाच, तर ५.८५ लाखांतूनही हाच पाच लाखांचा भरणा करता येईल आणि पुढचा हप्ता नियमित पगारात सहज बसेल.

आठ महिने हातात आहेत, ते कामी लावावेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत, तटरक्षक दलात आणि संरक्षण खात्याच्या नागरी पदांत २०२२ मध्ये अग्निवीरांसाठी १० टक्के आरक्षण जाहीर झाले. व्यापारी जहाजांवर जाण्यासाठीही बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाने २०२२ मध्ये वेगळ्या योजना आखल्या. मात्र जहाजावर चढवतो म्हणून दोन-तीन लाख मागणारे दलाल कोकणात गावोगाव आहेत. नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना असलेल्या कंपनीला भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे पैसे मागितले की तिथून उठावे.

आणि हा सेवा निधी मुलाचा आहे. त्याला पुढे काय करायचे आहे, याचा आपल्या पत्रात कुठेही उल्लेख नाही. कर्जात भरायच्या पाच लाखांबाबतही आधी त्याच्याशी बोला.