पहिली कोंबडी कापताना

हात थरथरला तर लाजू नकोस. माझाही थरथरला होता. खायच्या पिल्लांना नावं मात्र देऊ नकोस. मी दिली होती, महागात पडलं.

आदल्या रात्रीपासून 8 ते 12 तास दाणा बंद, पाणी चालू. पहाटे अंधारातच उचल, तेव्हा ती शांत असते. छातीशी धरलीस की तिची धडधड तळहाताला लागते. तिथेच मन फिरतं. फिरलं तर खुशाल सोड, पण अर्ध्या मनाने सुरी चालवू नकोस, हाल तिचे होतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट कापल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते. नंतरची फडफड आपोआप होते. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

त्या दिवशी घास उतरणार नसेल तर मांस फ्रिजमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी ते मऊही लागतं.