यंदा पाळी तुमच्या घराकडे

चि. पुतण्यास,
अनेक आशीर्वाद.

मूळ घरातल्या गणपतीची पाळी यंदा तुमच्याकडे आली आणि वडिलांचे गुडघे धरल्यामुळे सगळं तुझ्या अंगावर पडलं, हे वहिनींकडून कळलं. मखर कुठलं घ्यावं आणि लायटिंग कसं करावं, असं तू विचारलं आहेस. त्या दोन्ही गोष्टी शेवटच्या आहेत. नाही केल्या तरी गणपती साजरा होतो. आधी काय करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट पंचांग. आपला गणपती गौरीबरोबर जातो आणि गौरी नक्षत्रावर चालतात: अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर पुजल्या जातात, मुळावर जातात. म्हणून आपला गणपती कधी पाच, कधी सहा, कधी सात दिवसांचा असतो. ऑफिसात ठोकळ पाच दिवसांची रजा टाकशील तर विसर्जनाच्या आदल्या दिवशी गाडीत बसावं लागेल. तारखा काढ, मग रजा, मग तिकीट. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. तू निदान हरतालिकेच्या सकाळी घरी असला पाहिजेस, चतुर्थीच्या पहाटे उतरून भागणार नाही.

दुसरी गोष्ट पाट. आपल्याकडे मूर्ती बाजारात निवडून आणत नाहीत. घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, द्यायचा आणि मूर्तिकार त्या पाटावर मूर्ती घडवतो. नागपंचमीपर्यंत पाट पोचायला हवा. उशीर झाला तर मूर्तिकार घाईत करील, आणि श्रावणातल्या दमट हवेत शाडू लवकर सुकत नाही. आत ओल राहिलेल्या मातीवर रंग चढवला की तो पापुद्र्यासारखा सुटतो, आणि घाईने उन्हात किंवा आगीजवळ सुकवली तर बारीक चिरा जातात. मूर्ती आणायला जाशील तेव्हा पाठीला आणि बैठकीच्या मागच्या बाजूला तळहात लावून बघ. गार लागली तर आत ओल आहे असं समज, आणि घरी आणून पंख्याच्या वाऱ्यावर मोकळी ठेव. उचलताना हात फक्त पाटाला लावायचा. सोंडेचं टोक, बोटं, कान आणि मुकुटाची कड या चार जागा जरा धक्का लागला की जातात.

प्लास्टरची मूर्ती हलकी असते आणि तुकतुकीतही दिसते, पण ती विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या काठाला तिचे हातपाय दिसतात. आपल्या घरात ती येऊ देऊ नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पाट देतानाच उंची सांगायची. ती ठरवते माटवी, म्हणजे देवाच्या डोक्यावर टांगायची फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट. चौरंगाच्या माथ्यापासून माटवीच्या चौकटीपर्यंतचं अंतर मोज, त्यातून लोंबणाऱ्या फळांसाठी हातभर वजा कर, आणि मुकुटावर आणखी वीतभर मोकळी जागा सोड. उरेल तेवढी मूर्ती.

माटवीबद्दल सविस्तर लिहितो, कारण आजकाल तिथेच काटछाट होते. बाजारात प्लास्टिकची फळं लावलेल्या तयार माटव्या मिळतात. तसली टांगण्यापेक्षा आंब्याचे चार टाळे (पानांच्या डहाळ्या) आणि एक नारळ बांधलेला मला चालेल. माटवी म्हणजे भाद्रपदात आपल्या सड्यावर (कातळाच्या माळावर), वयीला (कुंपणाला) आणि परसात जे पिकतं ते देवाच्या डोक्यावर धरणं. त्यात जे नाही पिकलं ते नको.

चौकट माळ्यावर आहे, उभ्या-आडव्या पट्ट्यांची. आठ दिवस आधी खाली काढून धू, सुकव आणि सांध्यांना वाळवी लागली आहे का ते सुरीच्या टोकाने टोचून बघ. छताच्या वाशाला जे दोर आहेत ते दरवर्षी बदलायचे. उंदरांनी कुरतडलेला काथ्या वरून धडधाकट दिसतो. सोललेला नव्हे, सालासकटचा नारळ किलो-सव्वा किलोचा असतो. पाच नारळ, केळीचा घड, सुपारीचं शिपटं (घड), तवसं (मोठी काकडी), चिबूड, पडवळ, दोडके असं धरत गेलास की वीस-पंचवीस किलो सहज होतात, आणि ते सगळं मातीच्या मूर्तीच्या बरोबर वर असतं. दोर बांधून झाले की चौकटीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघ.

रानातला माल हरतालिकेच्या दिवशी आणायचा, त्याआधी नाही. लालभडक कवंडळं, कांगणीचे घोस, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा, कळलावीची फुलं. शेरवड तोडल्यावर तासाभरात मान टाकतो, म्हणून देठ पाण्यात बुडवून बादलीत ठेव आणि सगळ्यात शेवटी बांध. कांगणीचा घोस वेलीसकट वीतभर कापला तर टिकतो, नुसते मणी ओढलेस तर रात्रीत गळतात. कळलावी विषारी आहे, तिचा कंद तर फारच. पोरांच्या हाती देऊ नकोस आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस. कवंडळंही खायची नसतात. मुळापासून काही उपटायचं नाही, कोयतीने कापायचं आणि वेलीवर थोडं सोडायचं. आणि सड्यावर जाताना गमबूट घाल. गवतात, कातळाच्या फटीत फुरसं (विषारी साप) असतं, ते दगडाच्याच रंगाचं असल्यामुळे दिसत नाही. हात घालण्याआधी काठी घालायची.

बांधण्याचा क्रम असा. आधी पट्ट्यांना आंब्याचे टाळे, म्हणजे लाकूड झाकलं जातं. मग चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे नारळ. वजन चारी बाजूंना सारखं झालं की चौकट एका अंगावर कलत नाही. मग घड, तवसं, भाज्या. मग रानफळं आणि सगळ्यात शेवटी पानं-फुलं. केळीच्या सोपाचे (खोडाच्या सालीचे) दोर ओले असतानाच वापर, सुकले की आवळून बसतात. वजनाच्या वस्तूंना मात्र काथ्याच. चिबूड अर्धकच्चा घे आणि दोराच्या जाळीत बसवून टांग. पिकलेला चिबूड तिसऱ्या दिवशी आपणहून तडकतो आणि मधूनच निखळून खाली येतो. घडही कच्चाच हवा. टाळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडक वाळतात, तेव्हा समई माटवीच्या बरोबर खाली ठेवायची नाही, आणि लायटिंगची वायर पानांतून फिरवायची नाही. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल: एक साधा दिवा बाजूने सोड, देवाच्या तोंडावर उजेड पडला की झालं.

माटवी पूर्ण झाल्याशिवाय मूर्ती चौरंगावर ठेवायची नाही. प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्ती हलवत नाहीत, मग वर काही राहिलं असेल तर राहिलं. भटजी एकच आणि घरं पन्नास, त्यामुळे पूजेची वेळ मध्याह्नीची असली तरी ते कधी पहाटे सहाला येतील, कधी दोनला. त्यांना आठवडाभर आधी भेटून आपला नंबर विचार. दूर्वांच्या एकवीस जुड्या, पत्री, जास्वंद, जानवं, कापसाची वस्त्रं, पंचामृत हे सगळं एका सुपात मांडून तयार असू दे. बाकी ते सांगतील तसं करत जा.

मोदक वहिनी आणि काकू करतील, पण तूही बस. तांदळाची पिठी आठ दिवस आधी करून ठेवायची: आंबेमोहोरासारखा चिकट तांदूळ धुवायचा, सावलीत कापडावर सुकवायचा, बारीक दळायचा. नुसत्या मोकळ्या तांदळाच्या पिठीला चिरा जातात. एकवीस मोदकांना दोन-अडीच वाट्या पिठी आणि तेवढंच पाणी. पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून खळखळ उकळ, पिठी एकदम ओत, लाटण्याच्या टोकाने ढवळ, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं आणि गॅस बंद करून पाच मिनिटं वाफ कोंडू दे. मग खरं काम मळण्याचं. उकड हाताला चटका बसेल इतकी गरम असतानाच मळायची, पाण्याचा आणि तेलाचा हात घेत, लोण्यासारखी होईपर्यंत. गार झाल्यावर मळलेल्या उकडीला पारी करताना कडेला भेगा पडतात आणि मग लोक पिठीला दोष देतात. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवायचा.

सारणाला दोन वाट्या खोबरं आणि एक वाटी गूळ, पाणी अजिबात नाही. खोवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ द्यायचा नाही. सारण कढईच्या कडा सोडायला लागलं की उतरवायचं. आधी उतरवलं तर पाक सुटून मोदकाचा बूड फाटतो, उशिरा उतरवलं तर गार झाल्यावर दाताला लागतं. वेलची आणि किंचित जायफळ शेवटी. पारी मध्ये जाड, कडेला पातळ. कळ्या जवळजवळ घ्यायच्या आणि मिटताना ओढायच्या नाहीत, नुसत्या वर सरकवत न्यायच्या. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेव, खालचं पाणी आधीच उकळतं असू दे, आणि दहा-बारा मिनिटांत काढ. जास्त वाफवला तर तोही फुटतो.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. अळू, लाल माठाचे देठ, सुरण, भोपळा, शिराळी, मक्याचं कणीस यांची ऋषीची भाजी परसातल्या मालातच होते. अळू-सुरणाला चिंच विसरू नका, घसा खाजतो. गौरीचं बायकांना पाठ आहे, तू फक्त तेरड्याची रोपं पाणवठ्यावरून आणून दे आणि ओवशाची (गौरीपुढच्या वाणाची) सुपं आधी सांगून ठेव.

भजनाची रात्र मात्र तुझी. वाडीत आरत्या घराघरांतून फिरतात, त्यांचा क्रम ठरलेला आहे, तो मोडायचा नाही. बारी आपल्याकडे आली की काळ्या वाटाण्याची उसळ, पाव आणि चहा. एक किलो सुका वाटाणा वीस-पंचवीस माणसांना पुरतो. तो बारा तास भिजवायचा. सकाळी आठवण झाली तर रात्री कितीही शिट्ट्या घेतल्या तरी दाणा टणक राहतो. पेटी आणि पखवाज आदल्या संध्याकाळी कोरड्या खोलीत ठेव, दमट हवेत पखवाजाची पुडी (कातडं) उतरते.

विसर्जनाची वेळ मिरवणुकीवर ठरवू नकोस, पाण्यावर ठरव. आपला गणपती बंदरावर जातो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: पंचमीला पावणेचार, नवमीला पावणेसात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत आणखी उशीर. म्हणून बंदरावरच्या गाबितांना (मासेमारांना) आदल्या दिवशी विचार, त्यांचा शब्द शेवटचा. पूर्ण ओहोटीला गेलास तर चिखलातून लांब चालावं लागतं आणि मूर्ती वाळूत रुतून बसते. अनंत चतुर्दशीला भरती साडेदहाच्या सुमाराला असते, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी पाचला नेणाऱ्यांचे नेहमी हाल होतात. भाद्रपदात समुद्राला अजून ओढ असते. कमरेच्या वर पाण्यात कुणी जायचं नाही, दारू घेतलेल्या माणसाने मूर्तीला हात लावायचा नाही, आणि हे तू आधीच सगळ्यांसमोर सांगायचं.

पाट परत आणायचा, त्यावर थोडी वाळू ठेवून घरी आरती करायची. निर्माल्य पाण्यात नाही, माडाच्या आळ्यात. माटवीची फळं वाडीत वाटायची. चौकट पुसून, पूर्ण सुकवून माळ्यावर, भिंतीला न टेकवता.

सुयेर-सुतक (घराण्यात जन्म किंवा मृत्यू) आलं तर स्वतः काही ठरवू नकोस, भटजींना आणि मला फोन कर.

वर्गणीची वही दिवाळीच्या आत पूर्ण कर. कोणी किती दिले, नारळ किती आले, किती लागले, मूर्तीला किती पडले, सगळं. दोराचे हात आणि वाटाण्याचे किलोसुद्धा लिही. पुढच्या वर्षी पाळी खालच्या घराकडे आहे, पाट आणि समयांबरोबर वही त्यांच्या हातात द्यायची आहे.

कळावे,
काका