वाचक विचारतात : नामावलीत न सापडणारी माणसं

प्रश्न : आमचे आजोबा मूळचे नाटकातले नट. ‘प्रभात’च्या ‘शेजारी’त त्यांनी छोटं काम केलं होतं, असं घरातली मोठी माणसं सांगतात. हाताशी वेशभूषेतला एकच फोटो आहे. सिनेमा दोनदा मोबाइलवर पाहिला. ना चेहरा सापडला, ना नाव. शोध कुठून सुरू करावा?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : तुम्ही पाहिलात तो ‘शेजारी’ की ‘पडोसी’? १९४१ साली ‘प्रभात’नं हा चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित केला आणि नटही बदलले. हिंदू शेजाऱ्याचं काम मराठीत केशवराव दाते यांनी केलं, हिंदीत मजहर खान यांनी. गजानन जागीरदार मात्र दोन्हीकडे मिर्झा. मुख्य भूमिकेतच ही अदलाबदल, तेव्हा गावकऱ्यांच्या घोळक्यात कोण कुठल्या आवृत्तीत आहे हे गृहीत धरू नका. दोन्ही पाहा. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९) हेही असेच जोडीनं पाहायचे; घरच्यांच्या आठवणीत एका सिनेमाचं नाव दुसऱ्याला चिकटलेलं असू शकतं.

मग प्रतीची लांबी तपासा. बोलपटाची ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. सेन्सॉरच्या नोंदीतली लांबी फुटांत असेल तर ९०नं भागा, मीटरमध्ये असेल तर २७.४नं. समजा नोंद १२,६०० फुटांची आहे; सिनेमा १४० मिनिटांचा हवा. मोबाइलवरची प्रत ११८ मिनिटांतच आटोपत असेल तर दोन रिळांचा ऐवज गेला. कात्री लागते तेव्हा नायक-नायिका वाचतात, चार वाक्यांचा सावकार जातो.

नावांचं तर आणखी अवघड. नामावली असते पहिल्या रिळाच्या तोंडाशी. दर खेळाला ऑपरेटर फिल्मचं तोंड यंत्रात ओवतो. ओरखडे तिथंच पडतात, फिल्म तिथंच तुटते, तुटलेला तुकडा कापून पुढचं जोडलं जातं. शिवाय एवढ्याशा कामाला त्या काळी नाव मिळायचंच असंही नाही. मिळालं तरी ‘मास्टर’ किंवा ‘बुवा’ लावून, आडनाव गाळून. आजोबांच्या नावाचे असे सगळे अवतार आधी कागदावर लिहून काढा.

आता फोटो. अल्बमला चिकटला असेल तर पाणी लावून ओढू नका, वरचा थर सुटून येतो. सुटा असेल तर मागची बाजू बघा. स्टुडिओचा किंवा छायाचित्रकाराचा शिक्का, कोपऱ्यात पेन्सिलीनं टाकलेला आकडा, यातलं काही असेल तर ते समोरच्या चेहऱ्याइतकंच मोलाचं. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा.

एवढी तयारी झाल्यावर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, लॉ कॉलेज रोड. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून थेट दारात उभं राहू नका. आधी पत्र किंवा ईमेल पाठवा. ‘आजोबांचे सिनेमे द्या’ असं लिहिलंत तर कुणालाच काही करता येणार नाही. चित्रपटाचं नाव, साल, भाषा आणि संस्था द्या, आणि स्थिरचित्रं व गाण्यांची पुस्तिका पाहायला मागा. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत ‘प्रभात’सह अनेक जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिल्म (सहज पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या) जळाल्या. त्यामुळे एखाद्या चित्रपटाची मूळ फिल्म उरली नाही असं उत्तर आलं, तरी स्थिरचित्रांचं विचाराच.

ओळख पटवताना कान बघा. मिशी, टोप, रंग यांनी चेहरा पार बदलतो. कानाची पाळी आणि वरची घडी बदलत नाही. घरच्या फोटोतला आणि चित्रपटातला कान त्याच कोनातून शेजारी ठेवून पाहा. नुसत्या ‘अगदी आमच्या अण्णांसारखे दिसतात’वर कुटुंबाचा इतिहास लिहू नये.

प्रश्न : डॉ. कोटणीसांवरच्या सिनेमात चिनी मुलगी झालेली जयश्री म्हणजे जयश्री गडकर ना? पैज लागलीय.
– भैय्या चौक, सोलापूर

उत्तर : हरलात. चित्रपट १९४६चा, तेव्हा जयश्री गडकर चार वर्षांच्या होत्या. ही जयश्री वरच्याच ‘शेजारी’तली, व्ही. शांतारामांची पत्नी, कोटणीस स्वतः शांताराम झाले होते. पुढे जयश्री टी. आल्या, म्हणजे तिसऱ्या. जुन्या यादीत नुसतं ‘जयश्री’ दिसलं की आधी साल बघावं.

प्रश्न : पंढरपूरचे एम. एफ. हुसेन यांनी ‘गजगामिनी’च्या आधी एखादा चित्रपट केला होता का?
– पंढरपूर

उत्तर : हो, आणि आमच्या मते तेच सरस. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा राजस्थानवरचा कृष्णधवल लघुपट, संवाद नाहीत. बर्लिन महोत्सवात त्याला लघुपटाचा ‘सुवर्ण अस्वल’ (गोल्डन बेअर) पुरस्कार मिळाला.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाची सिनेमासाठी निवड झाली आहे. ‘फँड्री’च्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तसं याचंही होईल, असं घरच्यांना वाटतंय. सही करण्याआधी काय बघावं?
– बार्शी

उत्तर : पुरस्काराचं नंतर. चौदा वर्षांखालच्या कलाकारासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या. चित्रीकरण साताऱ्यात असेल तर सोलापूरचा कागद चालत नाही. अर्जासोबत पालकांची संमती आणि मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव असतं. अशी एक व्यक्ती जास्तीत जास्त पाच मुलांमागे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, लागोपाठ २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडणार नाही याची व्यवस्था निर्मात्यानं करायची. मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. हे करारात लिहून घ्या आणि ठेवीच्या पावतीची प्रत मागा. ‘नंतर बघू’ तिथंच होतं.

आणि निवड झाल्यावर कुणी ‘नोंदणी फी’ मागितली, तर सही करू नका. मानधन त्यांनी द्यायचं असतं, तुम्ही नाही.