कंट्रोलरसाठी सेल घेताय? आधी हे वाचा

अरे, गेम कंट्रोलरसाठी रिचार्जेबल सेल घेऊ की चार्जिंग स्टँड, ज्यावर कंट्रोलर ठेवला की चार्ज होतो, असं विचारतोयस ना? स्टँड घ्यायची घाई नको करूस, आधी बघ तुझा कंट्रोलर कुठलाय. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरला २ डबल-ए सेल लागतात, आणि प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्सला आतच लिथियम बॅटरी असते, त्याला सेलचा प्रश्नच नाही.

सेलवाला असेल तर डोळे झाकून निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घे, पण 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेलेच, एनेलूप वगैरे ब्रँडचे, कारण साधे रिचार्जेबल नुसते पडून पडूनच उतरतात आणि नेमकं खेळायला बसलं की कंट्रोलर बंद. साधारण २००० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) पुरे, डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस. हे सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन, म्हणजे एकदा वापरून टाकायचे नेहमीचे सेल, १.५ चे, म्हणून स्क्रीनवरचं बॅटरीचं चिन्ह कधीकधी चुकीचं दाखवतं, घाबरायचं काही नाही. चारच घे, दोन सेल कंट्रोलरमध्ये, दोन चार्जरवर, जोडी मात्र कधी मिसळू नको. आणि अल्कलाइन सेल चार्जरमध्ये चुकूनही नको, गळतात, फुटूही शकतात!

स्टँडचं म्हणशील तर माझ्या पहिल्या स्टँडवर कंट्रोलर नीट टेकायचाच नाही, रात्रभर ठेवून सकाळी रिकामा. लाइट लागला का ते बघूनच सोड, आणि ते धातूचे पॉइंट कोरड्या कापडाने पुसत जा.